बहाव्याची खरड छाटणी

बसा. चहा मीच टाकलाय, तेव्हा साखर कमीजास्त झाली असेल तर सांभाळून घ्या. आणि खिडकीतून बाहेर काय बघताय इतकं? खोड आहे ते. नुसतं खोड. 'सोनवणे, हे काय करून ठेवलंत?' हे तुमच्या ओठावर येऊन थांबलंय ना? मग ऐकाच. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण तो घरातल्या घरात जिरला. हा एक मात्र अंगणात उभा आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो.

झाड बहाव्याचं. उन्हाळ्यात पिवळी झुंबरं लोंबतात ना, तेच. आमच्या शालनने लावलेलं. हे रो-हाउस घेतलं तेव्हा पाथर्डी फाट्याकडे सगळी शेतं होती आणि आमची स्वाती बालवाडीत होती. शालनने नर्सरीतून हातभर रोप आणलं. मी म्हटलं, 'आंबा लाव, चार आंबे तरी मिळतील खायला.' तिने बहावा लावला. सबंध संसारात तिने माझं न ऐकता केलेली तेवढी एकच गोष्ट.

शालन गेल्या गणपतीत गेली. तुम्ही आला होतात, तुम्हाला माहीत आहे.

दवाखान्यात असताना एकदा म्हणाली, 'बहावा सांभाळा.' मी म्हटलं, 'मला काय सांगतेस, चार दिवसांत घरी येशील, तूच सांभाळ.' ती काही घरी आली नाही.

स्वाती असते जर्मनीत. दर वर्षी झाड फुललं की शालन तिला फोटो पाठवायची आणि पोरगी तो वर्षभर फोनवर लावून ठेवायची. आईचं सगळं आटोपून परत निघाली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, 'बाबा, यंदा फुलांचा फोटो तुम्ही पाठवायचा. विसरायचं नाही.' तिने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जे मागायचं ते आईकडे, आणि मग आई माझ्याकडे. मी म्हटलं, 'पाठवतो म्हणजे पाठवतो.'

आता सांगा, यात चुकण्यासारखं काय आहे? झाड उभंच आहे. फुलं ते काढणार. मी फक्त बटण दाबायचं. पण नाही, तिथेही मी माती खाल्लीच.

झालं असं, की फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस सकाळी झाडाखाली पेपर वाचत बसलो होतो. पेपरवर एक पिवळं पान पडलं. झटकलं. दुसरं पडलं. तेही झटकलं. तिसरं थेट चहात पडलं, तेव्हा मान वर केली. अर्धं झाड पिवळं.

बाईच्या मागोमाग झाडही निघालं की काय? लावणारा गेला की झाड झुरतं, असं आपल्याकडे म्हणतात. मी अशा बोलण्याला हसणारा माणूस. सातपूरला कारखान्यात सुपरवायझर होतो, मशीन बंद पडलं तर ते कुणासाठी झुरतंय असं नाही म्हणता येत तिथे. पण त्या सकाळी खोडाला हात लावून मी चक्क म्हणालो, 'बाबा रे, एवढं वर्ष काढ. मला पोरीला फोटो पाठवायचाय.'

शेजारच्या पगारे वहिनी कुंपणाशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ऐकलं असावं. म्हणाल्या, 'भाऊ, त्या झाडाचं ना...'

'काळजी करू नका वहिनी, मी बघतो.'

'नाही, मी काय म्हणते, शालनवहिनी...'

'वहिनी, मी आहे ना. बघतो म्हटलं ना.'

त्या राहिलेले कपडे वाळत घालायला लागल्या. इथेच माझा किस्सा संपायला हवा होता खरं तर.

आता नाशिकच्या माणसाला झाडाचं काही दुखणं निघालं की तो कुणाकडे जातो? द्राक्षवाल्याकडे. घरच्या कुंडीतली तुळस सुकली तरी आपण द्राक्षवाल्याला फोन लावतो. माझा शाळेतला मित्र बाळासाहेब, त्याची दिंडोरीकडे नऊ एकर बाग. त्याला फोन केला. तो म्हणाला, 'शोभेच्या झाडातलं मला कळत नाही बुवा. पण झाड ते झाड. पानं पिवळी पडतायत म्हणजे मुळी चालत नाही. पेंड टाक, मुळांना ह्युमिकचं खत सोड, ड्रिप कर. आणि एक बोर्डोचा हात मार.'

मी वहीत लिहून घेतलं आणि कामाला लागलो. आयुष्यात अंगणात कधी बादलीभर पाणी न घातलेला माणूस मी. खोडाभोवती आळं केलं. निंबोळी पेंड टाकली. शेणखत आणलं. गूळ, बेसन आणि गोमूत्र कालवून पिंपात कुजवलं, त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी. शालनच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला इतक्या वेळेवर औषधं दिली नसतील. हे मी हसत सांगतोय, पण तेव्हा पिंप ढवळताना मला हे सारखं आठवायचं आणि मी आणखी जोरात ढवळायचो.

आणि पानं? दुप्पट गळायला लागली.

मग बोर्डोचा हात मारायची पाळी आली. मोरचूद आणि चुना कालवला की आकाशी निळं पाणी होतं, त्याची फवारणी. पाठीवरचा पंप आणला. सकाळी नऊचा सुमार, जरा वारा होता. जरा म्हणजे किती, ते मला नंतर कळलं. मी शिडीवर चढून मारतोय, मारतोय. वरच्या फांद्यांना लागावं म्हणून नळी उंच धरली. पंप रिकामा करून खाली उतरलो आणि घाम पुसत मागे बघितलं.

पगारे वहिनींच्या गच्चीवर दोन खाटा. खाटांवर पांढऱ्या साड्या. साड्यांवर कुरडया. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या कुरडया. लेकीच्या सासरी पाठवायच्या होत्या, ही माहिती नंतरची.

सगळ्या निळ्या.

वहिनी गच्चीवर आल्या. कुरडयांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली गेल्या आणि दार लावून घेतलं. पुढे बरेच दिवस त्यांच्या घरातून माझ्याशी शब्द नाही. म्हणजे बघा, माझ्या झाडाला काय झालंय हे सांगू शकणारं एक तोंड हाकेच्या अंतरावर होतं, ते मी स्वतःच्या हाताने बंद करून टाकलं.

दुसरं तोंड जर्मनीत. स्वातीचा व्हिडिओ कॉल यायचा दर रविवारी. मी खिडकीचा पडदा ओढून, भिंतीला पाठ लावून बसायचो. झाड दिसायला नको. पोरीची आई जाऊन जेमतेम सहा महिने झालेले, तिला काय सांगायचं? आईचं झाडही चाललं म्हणून?

होळीच्या आदल्या रविवारी तिने विचारलं, 'बाबा, बहावा काय म्हणतोय? पानं गळाली का?'

हिला कुणी सांगितलं? पगारे वहिनींनी फोन केला की काय? मी म्हटलं, 'छे गं. एक पान गळू दिलं नाही मी.'

'एकही नाही?' तिचा चेहरा पडला.

'एकही नाही. हिरवागार आहे. तू काळजी करू नकोस.'

'पण बाबा, मग यंदा...'

'यंदा काय, फोटो येणार म्हणजे येणार. जावईबापू काय म्हणतात?'

तिने एकदा माझ्यामागच्या भिंतीकडे बघितलं. मग जावईबापूंचं सांगायला लागली. माझा समज असा, की पोरीचा माझ्यावर विश्वास नाही. म्हातारा झाड वाळवून बसणार, असंच तिला वाटतंय. मला फार लागलं ते. मी ईर्षेला पेटलो. आणखी पेंड, आणखी पाणी.

होळी झाली तोवर झाडावर पान नव्हतं. नुसत्या काड्या, आणि त्यांना लटकलेल्या हातभर लांब काळ्या शेंगा. त्या शेंगा मी उन्हाळ्यात कधी बघितल्याचं मला आठवेना. संध्याकाळी दिवा लावून शालनच्या फोटोसमोर उभं राहायची मला चोरी झाली. दुसरं काही मागितलं नव्हतं बाईने. एक झाड. आणि मी त्याची ही दशा करून बसलो होतो. तुम्हाला सांगतो, ती गेली तेव्हा चार लोकांत मी धीराचा गडी म्हणून मिरवलो होतो. या झाडाखाली मात्र मी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

बाळासाहेबाला पुन्हा फोन. तो म्हणाला, 'आता एकच उपाय. खरड छाटणी.'

तुम्हाला कल्पना असेल, नसेल तर सांगतो. एप्रिलच्या सुमाराला द्राक्षबागेत सगळ्या काड्या बुडापर्यंत छाटून टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, बाग संपली. पण पंधरा-वीस दिवसांत अशी फूट येते की बाग हिरवी. 'वरचं मेलेलं काढून टाक,' बाळासाहेब म्हणाला, 'खालून जोर मारेल.' मला पटलं. का नाही पटणार? नाशिकचाच ना मी.

फांद्या छाटायच्या तरी महापालिकेची परवानगी लागते, तेव्हा वरच्या फांद्या विजेच्या तारेला लागतात असा अर्ज केला. लागत होत्याही थोड्या. परवानगी आली. आणि पाडवा झाल्यावर बाळासाहेबाने काशिनाथला पाठवलं. काशिनाथ हरसूलकडचा. हंगामात बागांच्या छाटणीला येतो, एरवी झाडांवर चढून फांद्या उतरवतो. पन्नाशीचा काटक माणूस, खांद्यावर दोर, कमरेला कोयता, पिशवीत करवत.

त्याने झाडाखाली उभं राहून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, 'साहेब, ह्याला का छाटायचं?'

'मेलंय वरून. खालून फूट यायला हवी.'

'मेलंय? कोन म्हनलं?'

'मी म्हणतोय.'

'नाय साहेब, चैतात हे झाड...'

'काशिनाथ,' मी म्हटलं, 'मी अठ्ठावीस वर्षं माणसांकडून काम करून घेतलंय. काम सुरू करायच्या आधी काम का नको याचं कारण प्रत्येकाकडे असतं. तुम्ही चढा.'

तो चढेना. दोर हातात घेऊन उभा. 'घरात बाई नाय का? बाईला इचारा की एकदा.'

'बाई नाहीत.'

'मग येऊ द्या त्यांना. मी दुपारून येतो.'

'दुपारून यायच्या नाहीत त्या,' असं म्हणालो, जरा आवाज चढवूनच म्हणालो. तो बिचारा समजला, साहेब आणि बाईचं वाजलंय. मुकाट्याने चप्पल काढून, झाडाला हात जोडून वर चढला.

दोन तास काम चाललं. मी खाली खुर्ची टाकून, 'ती डावीकडची', 'अजून खाली घ्या', 'ती कशाला ठेवलीत' असा सारखा ओरडत होतो. जुनी सवय. एक फांदी उतरवताना तो वरून म्हणाला, 'साहेब, ही तरी राहू द्या, हिच्यात जीव हाय.' मी म्हटलं, 'बाळासाहेब सांगतो तसं सगळं एकसारखं घ्या.' त्याने एकसारखं घेतलं. अंगणात फांद्यांचा ढीग पडला आणि मधे हे, तुम्ही बघताय ते.

मी आम्हा दोघांपुरता चहा केला. काशिनाथ पायरीवर बसला. बशीतून चहा प्यायला, मग ढिगातली एक काडी उचलली, गळलेल्या पानाच्या जागी अंगठ्याचं नख लावलं आणि माझ्यासमोर धरली. आत हिरवं. त्या हिरव्याच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी.

'काय आहे हे?'

'कळी. समद्या काड्यांवर हायेत. आजून पंधरा-वीस दिवसांत पिवळंजर्द झालं असतं.'

मी काडी हातात घेतली. दुसरी उचलली. तिसरी. सगळ्यांवर. चष्मा पुसून बघितलं तरी होत्याच.

'दरसाल ह्याचं असंच असतंय,' काशिनाथ म्हणाला. 'आधी पानं टाकतंय, पार उघडं होतंय, मंग फुलतंय. आमच्याकडं रानात लय हायेत. पोरासोरांनाबी ठावं हाय.'

'मग बोलला का नाहीत तुम्ही?'

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या बघण्यात, असता तर बरं वाटलं असतं. 'बोल्लो ना साहेब. तीनदा बोल्लो.'

करवतीचा आवाज थांबला म्हणून असेल, पगारे वहिनी कुंपणाशी आल्या होत्या. कुरडयांनंतर पहिल्यांदा. ढीग बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, 'भाऊ, दर वर्षी होळीच्या आसपास शालनवहिनी तुमची खुर्ची इथून उचलून पोर्चमध्ये नेऊन ठेवायच्या. झाडाची सावली जाते आणि यांच्या डोक्यावर ऊन येतं म्हणून. पावसाळ्याआधी पाला धरला की परत झाडाखाली. आणि पहाटे उठून सगळा पाचोळा लोटून काढायच्या, तुमच्या पायाखाली कचकच नको म्हणून. तुम्हाला ठाऊक नव्हतं?'

खुर्ची हलायची हे ठाऊक होतं. त्यावरून मी तिच्यावर खेकसायचोसुद्धा, माझ्या वस्तू जागच्या हलवू नकोस म्हणून. का हलायची, हे विचारायचं राहून गेलं. सव्वीस वर्षं राहून गेलं.

काशिनाथने दोर गुंडाळला. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाला, 'बाई आल्या का सांगा त्यांना, झाड नाय मरायचं हे. यंदाचं फूल गेलं, पुढं येतंय. म्हनावं, नाराज नका होऊ.'

मी म्हटलं, 'सांगतो.'

त्या रविवारी मी पडदा सारला आणि फोन सरळ खोडासमोर धरला. लपवायचं काय राहिलं होतं आता? सगळं सांगितलं. पेंड, पिंप, बोर्डो, कुरडया, काशिनाथ. निळ्या कुरडयांपाशी ती हसली, कळ्यांपाशी रडली. म्हणाली, 'बाबा, मी विचारत होते ना, पानं गळाली का? तुम्ही म्हणालात, एकही नाही. मला वाटलं, आई नाही म्हणून झाडाने यंदा पानंच टाकली नाहीत, म्हणजे आता फुलणार नाही. मी रात्रभर झोपले नव्हते.'

म्हणजे बघा, मी इकडे पानं गळतायत म्हणून रडतोय आणि ती तिकडे गळत नाहीत म्हणून. दोघांना मिळून एक वाक्य धड बोलता आलं असतं तर झाड आज पिवळं असतं.

'फोटो नाही पाठवता आला गं,' मी म्हटलं. 'तेवढंच मागितलं होतंस.'

'जाऊ द्या बाबा.' तिने नाक पुसलं. मग एकदम लहान मुलीसारखं विचारलं, 'आई असती तर काय म्हणाली असती हो आत्ता?'

मी म्हटलं, 'तुझी आई ना? कमरेला पदर खोचून इथे उभी राहिली असती आणि म्हणाली असती, "अहो..."'

'अहो, काय?'

आणि मला पुढचं येईना. किती आठवलं, तरी येईना. तेहतीस वर्षांत तिचं वाक्य मी 'अहो'पर्यंतच ऐकलं होतं. पुढचं दर वेळी मीच बोलायचो.